क्रॅमरचं सुवर्ण काढून घेणं बरोबर होतं का?

रेघेबाहेर:
२३ फेब्रुवारी २०१०, व्हँकुव्हर ऑलिंपिक, बर्फावरच्या स्पीड स्केटिंगची दहा हजार मीटर शर्यत. यात दोघं-दोघं स्केटर धावतात, एक आतल्या लेनमध्ये, एक बाहेरच्या, दर लॅपला लेन बदलतात आणि निकाल वेळेवर लागतो. नेदरलँड्सचा स्वेन क्रॅमर सुसाट चालला होता. आठ लॅप उरले होते आणि तो बाहेरच्या लेनकडे निघाला होता, बरोबरच निघाला होता. तेवढ्यात प्रशिक्षक जेरार्ड केमकर्स यांनी त्याला आतली लेन दाखवली. ऐन वेळी पाय वळवून तो आत शिरला. १२:५४.५० ला रेषा ओलांडली, आनंदाने हात वर केले आणि मग कळलं की चुकीच्या लेनमुळे आपण बाद. सुवर्ण दक्षिण कोरियाच्या ली सेउंग-हूनला, वेळ १२:५८.५५.

आता हिशेब करा. लेन चार मीटर रुंद. एक वळण बाहेरून न घेता आतून घेतलं तर साधारण साडेबारा मीटर वाचतात. क्रॅमर सेकंदाला जवळजवळ १३ मीटर जात होता, म्हणजे फायदा एका सेकंदाचा. पुढे होता तो चार सेकंदांनी. दोन सेकंद दंड लावला असता तरी पहिला तोच. चूक दुसऱ्याची आणि पदक याचं गेलं. मला हे आजही पटत नाही.

शिट्टीवाला:
मी जिल्हा पातळीवर रोलर स्केटिंगचा पंच आहे. तुमचं गणित बरोबर आहे, पण त्यातून काढलेला अर्थ साफ चुकीचा. दोघं स्केटर प्रत्येक लॅपला लेन बदलतात ती हौस म्हणून नाही. आतलं वळण लहान आणि बाहेरचं मोठं, म्हणून दोघांच्या वाट्याला सारखं अंतर यावं यासाठी ती अदलाबदल आहे. क्रॅमरने एक वळण चुकवलं, म्हणजे तो दहा हजार मीटर गेलाच नाही. न पूर्ण केलेल्या शर्यतीची वेळ कशी मोजायची?

आणि सेकंदांचा दंड लावायला लागलात तर उद्या कुणीही दंड भरून वळण विकत घेईल.

एक गोष्ट सगळे विसरतात. लीने २५ च्या २५ लॅप नीट मारले. रौप्य आणि कांस्य मिळालेल्या स्कोब्रेव्ह आणि बॉब डी योंग यांनी त्याला पोडियमवर उचलून धरलं होतं. हरलेल्यांना ते सुवर्ण खरं वाटलं, मग आपण कोण शंका घेणारे?

आतली_लेन:
पण प्रशिक्षकाला काहीच शिक्षा नाही! पोरगं विश्वासावर धावतं. @रेघेबाहेर यांच्याशी पूर्ण सहमत.

स्केटरची आई:
गेल्या वर्षी रिंकच्या कठड्याला टेकून मी 'शेवटचा लॅप!' म्हणून ओरडले. दोन उरले होते. लेकीने एक लॅप आधीच सगळा जोर लावला आणि खऱ्या शेवटच्या लॅपला तिचे पाय उचलेनात. त्या दिवशी मला केमकर्स कळले. तरीही मी शिट्टीवाल्यांच्या बाजूने आहे.

बीजिंग २०२२ आठवा, एक हजार मीटर. काइ व्हर्बाय तेव्हाचा जगज्जेता. लेन बदलताना तो आणि कॅनडाचा लोराँ दुब्रॉय एकाच वेळी आले. बाहेरून आत येणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम. व्हर्बाय आतून बाहेर जात होता. त्याने अंग सरळ केलं, वेग सोडला आणि दुब्रॉयला जाऊ दिलं. दुब्रॉयला रौप्य, व्हर्बाय यादीत सर्वांत शेवटी. चार वर्षांची तयारी त्याचीही होतीच की.

रेघेबाहेर:
व्हर्बायपुढे मी हात जोडतो. पण ताई, तिथे नियमाने समोरच्या माणसाची शर्यत वाचवली. क्रॅमरच्या चुकीने कुणी अडखळलं नाही. दोन्हींना एकाच मापाने मोजणं मला जमत नाही.

शिट्टीवाला:
अडखळलं नसेल. पण लीपेक्षा तो साडेबारा मीटर कमी गेला, तेही लीला न विचारता.

रेघेबाहेर:
हे मात्र खरं. तरी जीव तुटतो हो. दहा हजारला २०१४ ला सोचीत रौप्य, २०१८ ला प्याँगचँगमध्ये सहावा. पाच हजारचं ऑलिंपिक सुवर्ण त्याने तीनदा जिंकलं, दहा हजारचं कधीच नाही. आणि एवढं होऊनही तो पुढे केमकर्सकडेच शिकत राहिला. लेकीला हे सांगा.

स्केटरची आई:
सांगितलं. तिने विचारलं, 'मग पुढच्या वेळी लॅप कोण मोजणार?' म्हटलं, तू मोज. मी पाण्याची बाटली धरते.