'स्क्रीनिंग'ला पडदा म्हणावे का?

रावपुरेकर: बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळात, विश्वरचनेच्या संगणकी प्रतिरूपणांवर मराठीत बोलायचे आहे. ('सिम्युलेशन'ला 'प्रतिरूपण' घेतलेय, प्रश्न विचारताना सगळे सिम्युलेशनच म्हणणार.) अडलेय 'स्क्रीनिंग'पाशी. आइन्स्टाइनच्या गुरुत्वात फेरफार करणाऱ्या एफ-आर सिद्धांतांत, निसर्गाच्या माहीत असलेल्या चार बलांपलीकडचे, एक पाचवे बल येते. विरळ प्रदेशात ते गुरुत्व फार तर एक तृतीयांशाने वाढवते, सूर्यमालेत मात्र जाणवत नाही. हेच स्क्रीनिंग. मी 'पडदा' लिहिलेय.

अवकाशवेडी: पडदा नको, दादा. मध्ये काहीतरी आडवे आलेय असे वाटते, आणि इथे मध्ये काहीच नसते. भौतिकशास्त्रज्ञ खुरी आणि वेल्टमन यांची 2004 ची 'सरडा' यंत्रणा बघा. भोवतालची घनता वाढली की हे बल वाहणाऱ्या अदिश क्षेत्राचा (जागोजागी नुसता आकडा, दिशा नाही) कण जड होतो, बलाचा पल्ला आखडतो. मोठ्या वस्तूच्या वरच्या पातळ थराचेच काय ते बल बाहेर पोचते.

जुनीशाई: मग 'लोप' घ्या. पाणिनीचे सूत्रच आहे, अदर्शनं लोपः. दिसत नाही इतकेच, नष्ट झाले असे नव्हे. 'बल लोपते' असे क्रियापदही आयते मिळते. 'आच्छादन' सरकारी वाटते.

रावपुरेकर: श्रोत्यांना 'लोप' म्हणजे कायमचे गेले, 'परंपरेचा लोप' वगैरे. बरे, गुरुत्वातला हा फेरफार मिलग्रोमचाच ना?

अवकाशवेडी: छे. मिलग्रोमचा 1983 चा मॉन्ड, म्हणजे न्यूटनच्या नियमांतला फेरफार, कृष्णद्रव्याला (न दिसणारे, फक्त गुरुत्वातून जाणवणारे द्रव्य) पर्याय शोधतो. एफ-आरमध्ये कृष्णद्रव्य सहसा तसेच राहते; रोख असतो 1998 मध्ये कळलेल्या, वेग घेत चाललेल्या विश्वाच्या प्रसरणावर. म्हणून तर ही प्रतिरूपणे महाग. कृष्णद्रव्याचे कोट्यवधी कण हलवायचेच, वर दर टप्प्याला जाळीच्या घराघरात अदिश क्षेत्राचे अरेषीय समीकरण सोडवायचे. बल कुठे लोपले ते त्यातूनच कळते. एकाच दीर्घिकेचा गाभा लोपात आणि कडा मोकळी, असेही निघते.

जुनीशाई: म्हणजे 'अंशतः लोप'. पडद्याला 'अंशतः' जोडून बघा!

रावपुरेकर: पटले. पहिल्यांदा येईल तिथे 'दबणे' सोबत देतो. आता 'हेलो'चे, म्हणजे दीर्घिकेला वेढणाऱ्या कृष्णद्रव्याच्या गोळ्याचे, काय? 'खळे' सुचतेय, पण चंद्राचे खळे म्हणजे नुसते कडे. कृष्णद्रव्याचा हेलो भरीव, मध्याशी सर्वांत दाट.

जुनीशाई: मळणीचेही खळेच की. तिथे धान्य मध्येच पडते.

अवकाशवेडी: मग सरळ 'रास' का नको?

रावपुरेकर: नको हो ताई, लोक राशिभविष्य विचारतील.