विंडोज 10 ची मुदत संपली: वाचनालयातील तीन चालू संगणकांचे काय करावे?

प्रश्न: ग्रंथसखी

नमस्कार. तालुक्याच्या गावातील एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाची मी कार्यवाह आहे. वाचनालयात तीन डेस्कटॉप संगणक असून तिन्ही एकाच वेळी घेतलेले आहेत: इंटेलचा सातव्या पिढीचा आय-3 प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 1 टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज 10. पहिल्या संगणकावर जमाखर्च, अनुदानाचा पत्रव्यवहार आणि बँकेचे ऑनलाइन व्यवहार होतात. दुसऱ्यावर पुस्तकांच्या व सभासदांच्या नोंदी आहेत. शिवाय गेल्या अनेक वर्षांतील वार्षिक अहवाल, स्मरणिका आणि व्याख्यानमालेतील भाषणांच्या संहिता त्यातच साठवलेल्या आहेत. हा मजकूर युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी आजची सर्वमान्य पद्धत) येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेला आहे आणि त्या सॉफ्टवेअरचे यूएसबी कुलूप (जे लावल्याशिवाय ते चालत नाही) त्याच संगणकाला लावावे लागते. तिसरा संगणक वाचकांसाठी आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले त्यावर अर्ज भरतात आणि निकाल पाहतात.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची मुदत संपली असल्याने तिन्ही संगणक मोडीत काढून नवे घ्या, असे आमच्या विक्रेत्याने सुचवले आहे. दुसऱ्या एका दुकानदाराच्या मते टीपीएम नावाची सुरक्षेसाठीची चिप बसवली की याच संगणकांवर विंडोज 11 चालेल. संगणक सुरू व्हायला बराच वेळ घेतात, हे खरे. परंतु ते बंद पडलेले नाहीत. आमच्यासारख्या संस्थेत एका संगणकाची खरेदी म्हणजे तेवढ्या पुस्तकांची खरेदी लांबणीवर टाकणे असते. म्हणून जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे: मुदत संपली म्हणजे नेमके काय झाले, आणि या तिघांपैकी कोणाचे काय करावे?

उत्तर 1: संगणकमिस्त्री

नमस्कार. मी पुण्यात संगणक दुरुस्तीचे काम करतो आणि गेले काही महिने हाच प्रश्न घेऊन लोक रोज येत आहेत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

मुदत संपल्याने संगणकात काहीही बिघडत नाही. 2015 च्या जुलैमध्ये आलेल्या या प्रणालीसाठी मायक्रोसॉफ्टकडून दर महिन्याला सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळत होत्या. त्या सर्वसाधारण ग्राहकांसाठी थांबल्या, एवढाच याचा अर्थ आहे. मात्र हे ‘एवढाच’ हलके समजू नये. नवी त्रुटी सापडली की ती विंडोज 11 मध्ये बुजवली जाते आणि ती दुरुस्ती तपासून हल्लेखोरांना कळते की विंडोज 10 मध्ये नेमके कुठे भगदाड उघडे राहिले आहे. 2017 सालच्या मे महिन्यात वॉनाक्राय आणि जूनमध्ये नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरांनी जगभर जो धुमाकूळ घातला, ज्यात आपल्याकडे जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे कामही ठप्प झाले होते, त्यात वापरल्या गेलेल्या मुख्य त्रुटीवरची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये उपलब्ध झाली होती. दुरुस्ती हाती असताना ती न बसवल्याचा तो परिणाम होता. दुरुस्ती मिळणेच बंद झाल्यावर काय होऊ शकते, याचा अंदाज त्यावरून येईल.

टीपीएम चिपबद्दल दिलेला सल्ला चुकीचा आहे; त्यावर पैसे घालवू नका. सातव्या पिढीच्या बहुतेक संगणकांत टीपीएम 2.0 ची सोय प्रोसेसरसोबतच येते आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूलभूत सेटिंग्जमध्ये) इंटेल पीटीटी या नावाखाली ती सुरू करता येते. अडचण चिपची नाहीच. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टने प्रोसेसरांची जी यादी केली आहे, तिची सुरुवात इंटेलच्या बाबतीत, अगदी मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून होते. तुमचा आय-3 त्या यादीच्या एक पायरी खाली राहिला. वेगाने पुरेसे असलेले लाखो संगणक या एका रेषेमुळे बाहेर फेकले गेले, हे मला आजही अयोग्य वाटते; पण निर्णय घेताना ती रेषा आहे हे धरूनच चालावे लागेल.

आता मंद गतीविषयी. तो दोष प्रोसेसरचा नसून हार्ड डिस्कचा आहे. डेस्कटॉपमधील डिस्कची तबकडी साधारणपणे मिनिटाला 7200 फेऱ्या फिरते, म्हणजे एका फेरीला सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते आणि डोके त्या जागी सरकण्याचा वेळ वेगळाच. संगणक सुरू होताना अशा हजारो छोट्या वाचनांची रांग लागते. हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या, चिपांवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने ही वाट पाहणे संपते. 256 जीबीची साधी साटा (नेहमीच्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी बसवली तरी हेच संगणक ओळखू येणार नाहीत. रॅमबाबत आधी टास्क मॅनेजरमध्ये जाऊन परफॉर्मन्सखाली मेमरी पाहा. तेथे ‘दोनपैकी एक खाच वापरात’ असे दिसले, तर जुनी पट्टी न काढता शेजारी आणखी 4 जीबी बसवता येईल.

माझ्या मते मोठा खर्च फक्त पहिल्या संगणकासाठी करावा, कारण बँकेचे व्यवहार त्यावर होतात. तेथे विंडोज 11 अधिकृतपणे चालणारे यंत्रच हवे. मात्र ते कोरे असलेच पाहिजे असे नाही. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून बाहेर पडलेले आठव्या ते दहाव्या पिढीचे रिफर्बिश्ड (वापरलेले, पण तपासून दुरुस्त केलेले) डेस्कटॉप बाजारात मिळतात. घेताना विक्रेत्यासमोरच मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक (यंत्र विंडोज 11 साठी पात्र आहे का ते सांगणारे साधन) चालवून पाहावे आणि लेखी हमी मागावी. सध्या नवे यंत्र घेणे महागात पडते, यामागे एक कारण आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे ओढून घेतले आहे. मायक्रॉनसारख्या कंपनीने तर 2025 च्या डिसेंबरमध्ये क्रूशियल ही किरकोळ ग्राहकांसाठीची नाममुद्राच बंद करत असल्याचे जाहीर केले. रिफर्बिश्ड यंत्रात रॅम आधीच बसवलेली असते, हा आजच्या घडीला लहान फायदा नाही.

उत्तर 2: वेगवान

एवढा खर्च कशाला? रुफस या मोफत साधनाने विंडोज 11 चा पेनड्राइव्ह तयार करताना प्रोसेसर आणि टीपीएमच्या अटी वगळता येतात. माझ्या घरी सहाव्या पिढीच्या संगणकावर विंडोज 11 उत्तम चालू आहे आणि मासिक अपडेटही मिळत आहेत. तिन्ही संगणकांवर तेच करावे.

उत्तर 3: संगणकमिस्त्री

वेगवान, घरच्या यंत्रावर हा प्रयोग करायला माझी हरकत नाही, मीही तो केलेला आहे. परंतु अशा यंत्रांना अपडेट मिळण्याची हमी नाही, हे मायक्रोसॉफ्टने स्वतःच स्पष्ट केले आहे, आणि वार्षिक मोठी आवृत्ती बहुधा हाताने चढवावी लागते. विंडोज 11 च्या 24एच2 या आवृत्तीपासून तर काही ठरावीक सूचनासंच नसलेल्या फार जुन्या प्रोसेसरांवर प्रणाली सुरूच होत नाही. सातव्या पिढीला आज ती अडचण नाही. पण पुढची रेषा कुठे ओढली जाईल हे आपल्या हातात नाही. घरी काही अडले तर आपण रात्री बसून ते सोडवतो. वाचनालयात कार्यवाह बदलतात, सेवक बदलतात, आणि अशी जोडतोड कोणी केली होती हे दोन वर्षांनी कोणालाही आठवत नाही. सार्वजनिक पैशाचे व्यवहार ज्या यंत्रावर होतात, त्यावर हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

उत्तर 4: अक्षरजुळणी

मी आयुष्यभर डीटीपीचे काम केले आहे, म्हणून दुसऱ्या संगणकाबद्दलच लिहिते. कारण मला तिघांत तोच सर्वांत मोलाचा वाटतो. पहिला संगणक उद्या बंद पडला तर नवा घेता येईल. व्याख्यानमालेची जुनी भाषणे मात्र गेली की गेली.

युनिकोडपूर्व फाँटमध्ये देवनागरी अक्षरे प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक पसारा दिसतो. शिवाय त्या मजकुरात काहीही शोधता येत नाही. म्हणून सर्वप्रथम, इतर कोणताही बदल करण्याआधी, सर्व फाइलींच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या बाह्य डिस्कवर घ्याव्यात आणि त्यांतील एक वाचनालयाच्या इमारतीबाहेर ठेवावी. त्यानंतर याच संगणकावर, कुलूप लावलेले असतानाच, प्रत्येक फाइलची पीडीएफ करावी. पीडीएफमध्ये फाँट समाविष्ट होतो, त्यामुळे मूळ पान जसे होते तसे कायमचे पाहता येते. पुढे रूपांतरात शंका आली, तर ताडून पाहण्यासाठी हीच प्रत उपयोगी पडेल.

मग युनिकोड रूपांतराचे काम सावकाश हाती घ्यावे. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, परंतु त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलट आहे: जुन्या पद्धतीत तो ज्या अक्षरावर दिसतो त्याच्या नंतर येई, युनिकोडमध्ये अर्धा र आधी येतो. त्यामुळे ‘किंवा’, ‘सूर्य’, ‘वर्षांनी’, ‘स्थिती’ असे शब्द प्रत्येक फाइलमध्ये तपासावेत. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील र विशेष त्रासदायक आहे, कारण युनिकोडमध्ये तो दोन वेगळ्या प्रकारे साठवता येतो. दोन्ही दिसायला सारखेच असतात, पण एका प्रकाराने शोध घेतला तर दुसऱ्या प्रकारे साठवलेला शब्द सापडत नाही. सर्व फाइलींत एकच प्रकार ठेवावा आणि तो कोणता हे एका कागदावर लिहून ठेवावे.

हे काम पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या संगणकावर विंडोज 10 तसेच राहू द्यावे. फक्त इंटरनेटची जोडणी काढून टाकावी. बाहेरचे पेनड्राइव्ह त्याला लावू देऊ नयेत. पुस्तकांच्या नोंदी मात्र तेथून आधी हलवाव्यात, कारण देवघेवीच्या खिडकीवरचा संगणक असा बंदिस्त ठेवता येणार नाही.

उत्तर 5: ऱ्हाईनकाठ

मी जर्मनीत राहतो. येथे युरोपीय आर्थिक क्षेत्रातील घरगुती ग्राहकांना विंडोज 10 च्या सुरक्षा दुरुस्त्या 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत विनामूल्य मिळत आहेत. भारतात वैयक्तिक संगणकांसाठी हीच योजना मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप सुरू केल्यास मोफत मिळते, अन्यथा शुल्क भरून घेता येते. संस्थांसाठी वेगळी योजना आहे: पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे 61 डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, अशी तीन वर्षे. शैक्षणिक संस्थांना मात्र पहिल्या वर्षी केवळ 1 डॉलर पडतो. वाचनालय त्या सवलतीत बसते का, हे अधिकृत विक्रेत्याला लेखी विचारावे.

येथील श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याने 2024 मध्ये आपल्या सुमारे 30 हजार सरकारी संगणकांवर लिब्रेऑफिस (मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअर) आणि पुढे लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) आणण्याचे जाहीर केले. त्यांनी क्रम असा ठेवला की आधी कार्यालयीन सॉफ्टवेअर बदलायचे आणि प्रणाली नंतर. आपणही विंडोज असतानाच लिब्रेऑफिस वापरायला सुरुवात करावी. माणसांची सवय आधी बदलली की यंत्राचा बदल सोपा जातो.

ग्रंथसखी

सर्वांचे मनापासून आभार. दुसऱ्या संगणकाविषयी अक्षरजुळणी ताईंनी जे लिहिले, ते आमच्या कार्यकारिणीपुढे जसेच्या तसे वाचून दाखवणार आहे. पहिल्यासाठी रिफर्बिश्ड यंत्राचे दरपत्रक मागवत आहोत. ते आल्यावर जुना पहिला संगणक पुस्तकांच्या नोंदींसाठी मोकळा होईल. आता तिसरा, मुलांचा संगणक राहिला. त्यावर लिनक्स बसवले, तर मराठीत टंकता येईल का? आणि आमचा जुना लेझर प्रिंटर चालेल का?

उत्तर 6: संगणकमिस्त्री

मुलांच्या संगणकावर लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराची 22 वी मालिका बसवा. तिला एप्रिल 2029 पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत, किमान गरज 2 जीबी रॅमची आहे आणि 4 जीबीवर, एसएसडी असेल तर, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती व्यवस्थित चालते. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात आधीपासूनच असतो. उच्चारानुसार टंकणाऱ्यांसाठी आयबस या टंकलेखनाच्या साधनातून वेगळी पद्धत घेता येते. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस ही दोन्ही मराठी रूपात मिळतात.

याहून महत्त्वाची एक सोय या संगणकासाठी आवर्जून सुरू करा. लॉगिन खिडकीच्या सेटिंग्जमध्ये पाहुणा सत्राची (खाते न काढता तात्पुरत्या वापराची) परवानगी देता येते. ती मुळात बंद असते. सत्र संपताच त्यातील सर्व फाइली, पासवर्ड आणि ब्राउझरचा इतिहास पुसला जातो. अर्ज भरायला आलेल्या मुलांची आधार कार्डे, गुणपत्रके, छायाचित्रे आणि सह्यांच्या प्रती सार्वजनिक संगणकांच्या डाउनलोड फोल्डरमध्ये वर्षानुवर्षे पडून असतात, हे मी दुरुस्तीला आलेल्या यंत्रांत सतत पाहतो. पुढच्या माणसाला ती एका क्लिकवर मिळतात. मुलांना फक्त एवढे सांगावे की उठण्यापूर्वी आपला अर्ज स्वतःच्या ईमेलवर पाठवा.

प्रिंटरबाबत मात्र आधी खात्री करा. काही जुने लेझर प्रिंटर त्यांच्या खास ड्रायव्हरवर अवलंबून असतात आणि लिनक्सवर फार त्रास देतात. मिंटचा पेनड्राइव्ह तयार करून संगणक त्यावरून सुरू केला, तर डिस्कवर काहीही न बसवता संपूर्ण प्रणाली वापरून पाहता येते. त्याच अवस्थेत प्रिंटर जोडून एक मराठी पान आणि एक पीडीएफ अर्ज छापून पाहा. छापले गेले, तर निर्धास्तपणे बसवा. नाही छापले, तर प्रिंटर नव्या विंडोज 11 च्या यंत्राला जोडून जाळ्यातून सामायिक करण्याचा पर्याय आहे. तो जमतो का ते पाहण्यासाठी प्रिंटरचे मॉडेल येथे कळवा.

नोंदींसाठी मोकळ्या होणाऱ्या संगणकावरही हेच मिंट बसवता येईल. कोहा ही ग्रंथालय व्यवस्थापनाची मोफत प्रणाली न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयातच 2000 साली वापरात आली आणि ती लिनक्सवरच चालते. ती उभारायला जाणता माणूस लागतो, त्यामुळे घाई करू नका. तोवर सध्याच्या नोंदी सीएसव्ही (कोणत्याही प्रणालीत उघडणारा साधा तक्ता) स्वरूपात बाहेर काढून ठेवा, म्हणजे पुढे कोणतीही प्रणाली घेतली तरी त्या पुन्हा टंकाव्या लागणार नाहीत.