लेकराच्या इसबावर पथ्य : उपयोग होतो की नुसतीच उपासमार?

अबोली :
लेक दोन वर्षांची. कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागे इसब. रात्री इतकं खाजवते की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. घरच्यांनी दूध, दही, अंडं, शेंगदाणे, वांगं, आंबट असं एकेक करत सगळं बंद केलं. उरला मऊ भात आणि मुगाचं वरण. वजन वाढायचं थांबलंय.
माझं मत स्पष्ट आहे : अंगाला काय लावायचं ते लावा, पण ताटाला हात लावू नका. या मुलांची कातडीच ओलावा धरत नाही, बऱ्याच जणांत ते जन्मजात असतं. त्यात वांग्याचा काय गुन्हा? पथ्याने गुण आला म्हणणाऱ्यांनी सांगावं, नेमक्या कुठल्या पदार्थाने त्रास होत होता आणि ते कळलं कसं?

कोकमकढी :
सरसकट बोलू नका. माझ्या मुलाने अंडं खाल्लं की अर्ध्या तासात ओठ सुजायचे, अंगावर गांध्या उठायच्या. अंडं बंद केलं आणि इसबही निम्म्यावर आलं. कारण टाळा, मग औषध द्या, हे आयुर्वेदाने कधीच सांगून ठेवलंय. आमच्या वैद्यांनी पहिलं शिकरण सोडायला लावलं, दूध-केळं विरुद्धाहार म्हणून. लावायला शतधौत घृत : तांब्याच्या परातीत गाईचं तूप घ्यायचं, पाणी घालून घोटायचं, पाणी ओतून द्यायचं, असं शंभर वेळा. तुपाचा वास जातो, लोण्यासारखं पांढरं होतं. हात भरून येतात, पण लावल्यावर पोर झोपतं. तुमच्या स्टेरॉइडच्या ट्यूबने कातडी पातळ होते, ते मात्र चालतं!

गोळ्यांचा_डबा :
मी औषधविक्रेता. ओठ सुजणं ही खरी ॲलर्जी, ती मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत दिसते. तिथे अंडं बंदच हवं, वाद नाही. पण तुमच्या एका अंड्यावरून अबोलींच्या लेकीचं दूध का तोडायचं?
शेंगदाण्याचं तर उलटंच आहे. २०१५ साली लंडनच्या लीप अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं होती. ज्यांना शेंगदाणा नियमित खाऊ घातला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. (अख्खे दाणे नव्हेत, घशात अडकतात. आणि इसब तीव्र असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.) इसब असलेल्या मुलाचा एखादा पदार्थ विनाकारण बराच काळ तोडला, तर पुन्हा देताना जोरदार रिॲक्शन येऊ शकते. पथ्य फुकट नसतं.
मलमाचंही तेच. १९९९ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी इसबावरची ११ चिनी वनौषधी क्रीम तपासली, ८ मध्ये डेक्सामेथासोन निघालं. म्हणजे स्टेरॉइडच, लेबलवर नाव न घालता. स्टेरॉइड नको म्हणून ‘हर्बल’ घेणाऱ्यांनी हे वाचावं. पोटातून द्यायच्या भस्मांना तर माझा ठाम नकार. २००४ साली बॉस्टनच्या दुकानांतल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

कोकमकढी :
लंडन, बॉस्टन! आमच्या परातीतल्या तुपात कुठून येणार डेक्सामेथासोन? आणि तुमच्याच धंद्यात क्लोबेटासोल हे जालीम स्टेरॉइड घातलेली मिक्स मलमं चिठ्ठीशिवाय खपत होतीच ना? २०१८ मध्ये सरकारला स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या यादीत, टाकावी लागली, ती काय वैद्यांमुळे?

गोळ्यांचा_डबा :
हे मान्य. आजही गिऱ्हाईक तीच मिक्स मलमं ‘ती गोरं करणारी ट्यूब’ म्हणून मागतं. पण डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टेरॉइड, सांगितलं तेवढंच, सांगितले तेवढेच दिवस लावलं तर कातडी पातळ होत नाही. भीतीपोटी अर्धवट लावतात, मग इसब उलटतं.

टँकरवाडी :
दोघंही तेलाचं विसरलात. फिलिपिन्समध्ये ११७ मुलांवर ८ आठवडे व्हर्जिन खोबरेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना झाली (२०१४). खोबरेल सरस ठरलं. मोहरीचं तेल मात्र नको, झोंबतं. आणि कृपा करून डाळीच्या पिठाचं उटणं चोळणं थांबवा. आमच्याकडे बोअरचं जड पाणी, त्यात साबण, त्यावर उटणं. कातडीचं काय होणार? कोमट पाणी, झटपट अंघोळ, टिपून घ्यायचं आणि अंग ओलसर असतानाच तेल किंवा क्रीम. कडुनिंबाचा पालाही काहींना चुरचुरतो, आधी मनगटावर बघा.

अबोली :
दूध-दही उद्यापासून सुरू करते, ते बंद करण्याआधी तिला त्याने कधीच काही झालं नव्हतं. तरी पुन्हा देण्याआधी सकाळी बालरोगतज्ज्ञांना फोन करते, अंड्याचं आणि दाण्याच्या कुटाचंही तेव्हाच विचारीन. कोकमकढी, तुमच्या तुपाला माझी ना नाही, बाहेरून आहे म्हणून.

कोकमकढी :
ठीक. वांगं तेवढं बंद ठेवा.

अबोली :
का पण?

कोकमकढी :
खाज सुटते. सगळ्यांना माहीत आहे.