हेदवीची बामणघळ: पाणी उसळताना बघायचंय, नेमकं कधी जावं?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. मागच्या बुद्ध पौर्णिमेच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे खास हेदवीला गेलो होतो, गुहागर तालुक्यात, ती बामणघळ बघायला. व्हिडिओत बघितलं होतं की लाट खडकाच्या चिरेत घुसते आणि पाणी कारंज्यासारखं वर येतं, पोरं त्यासाठीच हट्ट धरून बसलेली. सोलापूरपासून एवढी गाडी मारून संध्याकाळी साडेपाचला पोचलो तर घळ कोरडी, खाली तळाशी थोडं पाणी चुळबुळ करतंय आणि बाजूनं खेकडे फिरतायत, बास. अर्धा तास थांबलो, काहीच नाही. धाकटीचं तोंड अजून डोळ्यासमोर आहे. आता दिवाळीत परत जायचं म्हणतोय, भाऊबीज झाली की आठवड्यानं, गर्दी कमी झाल्यावर. तेव्हा दिसेल का? सोबत आई आहे, तिचे गुडघे दुखतात. आणि पोरीला कासवाची पिल्लं आणि डॉल्फिन पण बघायचेत.

पुळणीवरची
दादा, माझं माहेर तिकडचंच, लग्न होऊन सोलापुरात आले त्याला बरीच वर्षं झाली. तुम्ही दिवस एक नंबर पकडला होता, वेळ चुकली. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र-सूर्य एका रेषेत येतात म्हणून उधाण येतं, म्हणजे भरती मोठी, पण त्याच दिवशी ओहोटी पण तेवढीच खोल जाते. पौर्णिमेची भरती दुपारी सव्वाअकरा-बाराच्या सुमारास असते आणि तिथून सहा तासांनी पाणी एकदम तळाला, तुम्ही नेमके तेव्हा पोचलात.

आमच्याकडं हिशोब असा करतात: जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. भरती दिवसातनं दोनदा येते आणि रोज पाऊण तासानं पुढं सरकते, त्यातनंच हे आलंय. थोडं मागंपुढं होतं, म्हणून निघण्यापूर्वी मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक पण बघा.

आता तुमचं दिवाळीचं. भाऊबीज द्वितीया, त्यानंतर आठवड्यानं म्हणजे नवमी. तेव्हा भांग असते, भरती-ओहोटीत फरकच कमी, पाणी घळीत हवं तसं चढत नाही. लक्ष्मीपूजनाची अमावास्या झाली की पुढचे दोन-चार दिवस उधाणाचा जोर असतो, तेव्हाच जा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघा, गणपतीपुळ्यात मुक्काम करा, चतुर्थीला तीनची भरती मिळते. दोनपासूनच तिथं थांबा, पाणी चढताना बघण्यात खरी मजा आहे. आधी घळीच्या आतून कोंडल्यासारखा धुम्म आवाज येतो, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग पांढरं पाणी एकदम उभं राहतं. तुषार अंगावर येतात, ओठांवर खारट लागतं.

पण कृपा करून एक ऐका. काळा ओला खडक म्हणजे लाट तिथवर येऊन गेलेली आहे, त्याच्या पलीकडं पाय टाकू नका, फोटोसाठी तर नाहीच. शेवाळावर चप्पल टिकत नाही आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) कडांनी पाय कापतो. पोरांचा हात सोडू नका, आणि पावसाळ्यात तर त्या कडेला जाऊच नका, लाटेचा काही भरोसा नसतो.

माळावरचा_पक्षीवेडा
ताईंनी वेळेचं छान सांगितलं, मी प्राण्या-पक्ष्यांचं सांगतो. नान्नजच्या माळावर काळवीट आणि उजनीला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघून मला हा नाद लागला, कोकणात गेलो तेव्हा दुर्बीण गळ्यात होतीच. जयगडहून तवसाळला फेरीबोटीनं जावा, गाडी बोटीवर चढते, खाडी ओलांडली की हेदवी जवळ येतं आणि मोठा वळसा वाचतो. बोटीवर गाडीत बसून राहू नका. तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार हमखास दिसते. नशीब असेल तर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, पाठ राखाडी, शेपूट पाचरीसारखी, पंख पसरले की दोन मीटरच्या आसपास. मी बघितला तेव्हा त्याच्या पायात समुद्री साप लोंबत होता आणि तो अगदी निवांत कड्यावरच्या झाडाकडं चालला होता, मला तर फोटो काढायचंच सुचलं नाही. डॉल्फिन खाडीच्या तोंडाशी दिसतात, सकाळी समुद्र शांत असताना बघा.

कासवाचं मात्र पोरीला आत्ताच सांगून ठेवा, दिवाळीत पिल्लं दिसणार नाहीत. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालायला लागतात, ती उबायला ४५ ते ६० दिवस जातात, त्यामुळं पिल्लं बघायची तर फेब्रुवारी ते एप्रिल. गुहागरच्या किनाऱ्यावर आणि वेळासला अंडी जपतात आणि पिल्लं समुद्रात सोडतात. त्यासाठी वेगळी ट्रिप करा, वाया जाणार नाही.

जुळेसोलापूरकर
ताई, सर, खूप आभार. म्हणजे बुद्ध पौर्णिमेला दुपारी बारालाच पाणी उसळून गेलं होतं आणि आम्ही तेव्हा रत्नागिरीत जेवत बसलेलो! आईचं काय करावं तेवढं सांगा, खडकावर तिला जमणार नाही.

पुळणीवरची
आईंना घळीपर्यंत नेऊ नका. किनाऱ्याला उमामहेश्वराचं देऊळ आहे तिथं बसवा, समुद्र समोर दिसतो. आणि रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारेचा रस्ता धरा, डोंगरावरनं खाली दोन्ही पुळणी (वाळूचे किनारे) आणि फुटणाऱ्या लाटा गाडीतनंच दिसतात, त्यांना एक पायरी पण चढावी लागणार नाही.

जुळेसोलापूरकर
आईला सगळं वाचून दाखवलं. तिनं लगेच कॅलेंडर काढलं आणि म्हणाली चतुर्थी म्हणजे विनायकी, मग हेदवीच्या दशभुज गणेशाचं दर्शन आधी, पाणी नंतर. सकाळची पहिली फेरीबोट धरतो म्हणजे दोन्ही होईल. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून घेतोय, ताई तुमच्या माहेरी कुणाला पाठवायची असेल तर मेसेज करा, नक्की पोचवतो.