सल्ला हवा: जपान आणि अमेरिकेच्या प्लायवूड-एमडीएफ आयातीची तुलना कशी करावी?

अर्थवेडी:
एमएच्या प्रबंधासाठी जपान आणि अमेरिकेची लाकडी पॅनेलची (प्लायवूड, लाकडाचे तंतू दाबून केलेला एमडीएफ बोर्ड वगैरे) आयात 1961 पासून ताडून बघतेय. एफएओचे (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचे) आकडे उतरवून आलेख काढला, पण दोन रेषांतून बोलायचं काय ते उमगेना. घनमीटर धरू की डॉलर? मार्गदर्शक म्हणतात दरडोई काढ. कुणी सांगाल का?

करवत:
घनमीटरच धरा. डॉलरच्या आकड्यांत महागाई मिसळलेली असते. येनचा दर मात्र शेजारी मांडा. 1985 ला डॉलरला 240 च्या आसपास येन पडायचे, 1988 ला 130 च्या आत. त्या काळात बाहेरचा माल जपानला स्वस्त पडू लागला.

ओंडका:
ताई, 'एकूण पॅनेल' हा आकडा आधी फोडा. जपानचा प्रश्न मुख्यतः प्लायवूडचा आहे. पूर्वी जपान फिलिपिन्स, इंडोनेशिया, मलेशियातले सबा-सारावाक इथून अख्खे ओंडके आणायचा आणि प्लाय आपल्याच गिरण्यांत बनवायचा. 1985 मध्ये इंडोनेशियाने ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि स्वतः प्लायच्या गिरण्या उभारल्या. त्यानंतर जपानची प्लाय आयात झपाट्याने चढली. म्हणजे जपान अचानक जास्त लाकूड वापरू लागला असं नव्हे. ओंडक्यांच्या रूपात येणारं लाकूड आता प्लाय होऊन येऊ लागलं. त्यातला बराच माल तिकडे स्लॅबच्या सेंट्रिंगला जातो. ओंडक्यांच्या आयातीची रेषा सोबत काढली नाहीत, तर प्रबंधाचा निष्कर्षच चुकेल, हे कळकळीने सांगतोय.

अमेरिकेचं गणित निराळं. तिथे लाकडी सांगाड्याची घरं, त्यांच्या भिंतींना आणि छपराला ओएसबी (लाकडाच्या चपट्या ढलप्या चिकटवून केलेला बोर्ड), आणि बाहेरून येणारा ओएसबी प्रामुख्याने कॅनडाचा. 2005 मध्ये तिथे 20 लाखांहून जास्त घरांची कामं सुरू झाली, 2009 मध्ये जेमतेम साडेपाच लाख. पॅनेलची आयात त्याच्याबरोबर खाली आली.

अर्थवेडी:
ओंडक्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार! मग दरडोई काढू की नको?

ओंडका:
मार्गदर्शकांसाठी एक तक्ता द्या. पण खरा भाजक नव्या घरांचा घ्या. जपानमध्येही 2009 ला नवी घरं 8 लाखांच्या आत आली होती. लोकसंख्या थोडीच तेवढी घटली?

आकडेमोड:
एक तांत्रिक सावधगिरी. एफएओच्या जुन्या व्याख्येत व्हेनिअर (लाकडाचे पातळ पापुद्रे) पॅनेलमध्येच धरायचे, आताच्या व्याख्येत ते वेगळं आहे. जुन्या अहवालातले आणि आजचे आकडे एका रेषेत जोडू नका. सीमाशुल्काच्या आकड्यांत शिरलात तर मालाचे सांकेतिक क्रमांक असे: 4410 म्हणजे पार्टिकल बोर्ड (लाकडाच्या भुश्या-चुऱ्याचा) आणि ओएसबी, 4411 एमडीएफ वगैरे, 4412 प्लाय. एमडीएफची पोटविभागणी 2007 पासून जाडीवर होते, आधी ती घनतेवर होती. तिथे रेषा तुटलेलीच दाखवा.

करवत:
आणखी दोन वर्षांवर खूण करा. 2011 च्या त्सुनामीत इशिनोमाकीच्या प्लाय गिरण्यांचं नुकसान झालं, जपानला बाहेरचा माल जास्त लागला. 2018 च्या सुरुवातीला अमेरिकेने चिनी हार्डवूड प्लायवर अँटी-डंपिंग शुल्क (अवाजवी स्वस्त विकलेल्या परदेशी मालावरचं जादा शुल्क) बसवलं आणि खरेदी व्हिएतनामसारख्या देशांकडे वळली. एकूण आकड्यात हे दिसणार नाही, त्यामुळे माल कोणत्या देशातून आला ते वर्षवार काढा.

अर्थवेडी:
आधी ओंडके आणि प्लाय एकत्र मांडते. 1980 ते 1995 चा आलेख इथेच टाकेन, नजर टाकाल ना?

ओंडका:
जरूर. ओंडके किती आणि प्लाय किती ते वेगवेगळ्या रंगांत दाखवा. एका घनमीटर ओंडक्यातून एक घनमीटर प्लाय निघत नाही, तेव्हा नुसती बेरीज नको.