पोरांच्या क्लासच्या फीवर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळायला हवी का नको?

नौपाड्याची_आई
काल एका दिवसात मुलीच्या कथ्थकची आणि धाकट्याच्या स्केटिंगची तीन-तीन महिन्यांची फी गेली, ५,४०० अधिक ७,५००, आणि स्केट्सची चाकं झिजलीत ती बदला असं सरांनी वरून सांगितलंय. शाळेची ट्यूशन फी जुन्या रिजीममध्ये (जुन्या करपद्धतीत) ८०सीखाली, म्हणजे वजावटीच्या कलमाखाली, दाखवता येते, दोन मुलांपर्यंत. मग क्लासची का नाही? नणंद टोरांटोला असते, ती म्हणाली त्यांच्याकडे मुलांच्या खेळाच्या फीवर टॅक्स क्रेडिट होतं. आपल्याकडे नुसती बोंब, मुलं मोबाईल सोडत नाहीत म्हणून. सोडवायचे पैसे कोण देणार?

घोडबंदर_२३वा_मजला
शंभर टक्के सहमत! मुलाच्या बॅडमिंटन अकॅडमीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लावतात, म्हणजे पोरगं खेळतंय म्हणून सरकारला आपणच पैसे द्यायचे वर. पगारदार माणूस सगळीकडून सापडतो.

कळवा_स्लो_लोकल
ताई राग मानू नका, पण ही सूट मिळणार कोणाला? जो टॅक्स भरतो त्याला. आता नवीन रिजीममध्ये १२ लाखांपर्यंत टॅक्सच शून्य आहे, म्हणजे रिक्षावाला, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, आमच्या कंपनीतला हेल्पर, कोणालाच दमडी नाही. मिळणार २३व्या मजल्याला. (दादा, हलकेच घ्या)

घोडबंदर_२३वा_मजला
२३व्या मजल्याचा ईएमआय पण बघा कधीतरी 😄

वाशीचे_टॅक्सवाले_काका
तीस वर्षं रिटर्न भरतोय लोकांचे म्हणून सांगतो. ८०सीची लिमिट सगळं मिळून दीड लाख, ती पीएफ आणि होमलोनच्या मुद्दलातच संपते, त्यात कथ्थक घालून काय होणार? आणि नवीन रिजीम घेतली असेल तर ८०सीच नाही, विषय संपला.

कॅनडाचं म्हणाल तर २००७ साली आणलं त्यांनी, १६ वर्षांखालच्या मुलांच्या खेळासाठी. सुरुवातीला ५०० डॉलरपर्यंतच्या खर्चावर १५ टक्के, म्हणजे हातात जास्तीत जास्त ७५ डॉलर. कलेच्या क्लाससाठी २०११ ला वेगळं आणलं. २०१७ पासून दोन्ही बंद. माझ्या मते कारण सोपं आहे, ज्यांची मुलं आधीच हॉकीला जात होती मुख्यतः त्यांनीच पावत्या जोडल्या.

नौपाड्याची_आई
काका, बंद व्हायच्या आधी ते रिफंडेबल केलं होतं ना? टॅक्स लागत नसेल त्यालाही पैसे मिळायचे असं नणंद सांगत होती. तसं करा मग, मावशींना पण मिळेल.

वाशीचे_टॅक्सवाले_काका
हो, खेळाचं केलं होतं, २०१५ पासून. पण आधी खिशातून फी भरायची, पावती वर्षभर जपायची, रिटर्न भरायचा, मग परतावा. मावशींकडे जूनमध्ये ५,४०० असते तर प्रश्नच नव्हता.

तबला_आणि_वडापाव
मी तबला शिकवतो, घरीच, १४ पोरं आहेत. गांधर्वच्या संगीत परीक्षांना बसवतो. पावती कोणी मागत नाही, अर्ध्या पालकांचे पैसे बायकोच्या जीपेवर येतात, उरलेले 'सर पुढच्या महिन्यात'. ही सूट आली की सगळे पावतीबुक मागणार, आणि खरं सांगू का, मोठे क्लासवाले दुसऱ्याच दिवशी फी वाढवणार, तुम्हाला सूट मिळतेच आहे म्हणून. माझी वाढवायची हिंमत नाही, चौघं सोडून जातील.

कळवा_स्लो_लोकल
पैसे द्यायचेच तर मैदानात द्या ना. आमच्या घराजवळच्या पालिका शाळेत मल्लखांब पुरलेला आहे, चांगला सागवानी. शिकवणारे सर रिटायर झाले, दुसरे आलेच नाहीत. आता त्या खांबाला आणि खिडकीच्या गजाला दोरी बांधून वॉचमनचे कपडे वाळत असतात, मधल्या सुट्टीत पोरं त्या ओल्या चादरीखालून पळतात. एक कोच नेमला तर ४० पोरं चढतील त्यावर, पावती नको, रिटर्न नको.

घोडबंदर_२३वा_मजला
मैदानं सुधारायची वाट बघत बसलो तर माझा मुलगा मास्टर्स कॅटेगरीत खेळेल. दोन्ही मागू शकतो की आपण, एक मागितलं म्हणजे दुसरं नको असं थोडीच आहे.

कळवा_स्लो_लोकल
मागा की. पण दोन्ही मागितलं तर पहिलं कोणाला मिळतं ते आपल्याला माहितीये.

नौपाड्याची_आई
मला अजून वाटतं सूट मिळायला पाहिजे, माझा पगार काही आकाशातून पडत नाही. पण ती चादर डोक्यातून जात नाहीये. कळव्यात दुसरीकडे कुठे शिकवतात का मल्लखांब?

कळवा_स्लो_लोकल
व्यायामशाळेत, आमचीच जुनी पोरं शिकवतात, संध्याकाळी ६ ते साडेसात, महिन्याला १५०. जुने कपडे घालून पाठवा, खांबाला एरंडेल असतं, डाग निघत नाहीत.