विमानतळावरची सुरक्षा तपासणी: तुमची तयारी, तुमचे अनुभव

जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या लोहगाव विमानतळाची नवी इमारत सुरू झाली, जागा ऐसपैस झाली. पण तपासणीच्या रांगेत शिरलं की जो तो दहावीच्या निकालाला आल्यासारखा उभा असतो, ते काही बदललं नाही. तुम्ही घरून काय तयारी करून निघता? आणि या तपासणीचा राग येतो की धीर वाटतो? खरं खरं लिहा.

भाजणी: आमच्याकडे बॅग भरणं म्हणजे सासूबाई विरुद्ध विमान कंपनी. लेकीकडे दिल्लीला निघालं की सुक्या खोबऱ्याच्या वाट्या हव्यातच. त्यात तेल फार, आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. त्यांचं म्हणणं, "आजवर फडताळात कधी पेटलं नाही ते!" तिथेच विकत घेऊ म्हटल्यावर तह झाला. बेसनाच्या लाडवांचा डबा मात्र दरवेळी उघडून दाखवावा लागतो. का, देव जाणे.

जुना_यंत्रज्ञ: देव कशाला, मी सांगतो. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसतात, धातू निळे. तूप-बेसनाचा घट्ट गोळा नारिंगी आणि बहुतेक स्फोटकंही नारिंगीच. मग उघडून बघण्यावाचून जवानाला गत्यंतर नाही. डबा वरच ठेवत जा. आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये टाकू नका. लिथियम बॅटरी पेटलीच तर केबिनमध्ये निदान विझवता येते. १०० वॉट-तासांपर्यंत चालते. २०,००० एमएएचवाली साधारण ७४ वॉट-तासांची भरते.

पेठकर: मला येतो राग. तिकीट माझं, पैसे माझे आणि पट्टाही मीच काढायचा. चेहरा ओळखून आत सोडणाऱ्या डिजियात्राला चेहरा द्यायची हौस नाही; ते ऐच्छिक आहे, मी आधार कार्ड दाखवून जातो. शिवाय चेहरा दिला तरी अंगाची झडती काही चुकत नाही.

गुडघेबाई: माझे दोन्ही गुडघे बदललेले, त्यामुळे यंत्र ओरडणारच. सुरुवातीला फार ओशाळायला व्हायचं, लोक वळून बघतात ना! आता महिला जवान दिसली की मीच आधी सांगते, "बेटा, दोनों घुटने लोहे के हैं." ती हसते, पडद्याआड नेते, नीट चाचपते, झालं. डॉक्टरांचं पत्र पर्समध्ये असतं, पण त्यावर कुणी सोडत नाही आणि सोडूही नये असं माझं मत. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस सोयीचा. सेफ्टी पिना घरीच काढून ठेवा.

लेक_न्यूजर्सीत: आम्ही मुंबईहून जातो. परदेशी विमानात हातातल्या बॅगेत द्रव १०० मिलीच्या बाटल्यांतच. २००६ साली लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघड झाला, त्यानंतरचा हा नियम. लोणचंही त्यातच धरतात, तेव्हा ते चेक-इनमध्ये, दोन पिशव्यांत बांधून. अमेरिकेत बूट काढायला लावायचे ते जुलै २०२५ पासून बहुतेकांसाठी थांबलंय. डिसेंबर २००१ मध्ये पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात एकाने बुटात स्फोटकं दडवली होती, त्यातून ते सुरू झालं होतं.

पेठकर: बघा! एकाने बुटात दडवलं आणि वीस-बावीस वर्षं जगाने मोजे दाखवले.

गुडघेबाई: दाखवले तर दाखवले. त्या विमानातून माझी मुलं-नातवंडं येतात हो.

पेठकर: तो मुद्दा मान्य. पट्ट्याचं मात्र बघा काहीतरी.

जुना_यंत्रज्ञ: नाडीची पॅन्ट घाला.